चौदा फुटांवरचं पाणी

नणंदेचा फ्रिज पुण्याहून आमच्याकडे आला तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सामानाच्या ट्रकमध्ये उभ्याने बांधून. ताई आणि भाऊजी तीन वर्षांसाठी परदेशी निघाले होते. दोन दारांचा तो कपाटाएवढा फ्रिज विकायला काढला तर लोक भंगाराचा भाव सांगत होते. "तुम्हीच वापरा, त्यात बर्फ आपोआप पडतो," ताई फोनवर म्हणाल्या. नागपूरकराला एप्रिलमध्ये हे वाक्य ऐकवलं की पुढचं काही ऐकू येत नाही. जागा कुठे, वीजबिल किती, कशाचाच विचार न करता मी हो म्हटलं.

आमच्या घरी मे महिन्यात बर्फ म्हणजे जवळजवळ किराणाच. पन्ह्यात, ताकात, लेकीच्या कॉफीत आणि दुपारी फारच तापलं तर कूलरच्या टाकीतही. जुन्या फ्रिजमध्ये दोन ट्रे होते, त्यात चौदा-चौदा खडे. घरात माणसं पाच. रिकामा ट्रे तसाच आत कोणी सरकवून ठेवला, यावरून उन्हाळाभर रोज एक चौकशी समिती बसायची. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. "माठातलं पाणी काय वाईट आहे? बर्फानं घसा धरते." आणि पन्हं प्यायच्या वेळी पहिला खडा त्यांच्याच पेल्यात पडायचा.

फ्रिजबरोबर ताईंनी एका पिशवीत माहितीपुस्तिका, पांढऱ्या बारीक पाइपचं भेंडोळं आणि एक नवा फिल्टर घालून दिला होता. फ्रिजच्या पाठीमागे खाली पाइप खोचायचं तोंड होतं. मला वाटलं, नळापासून तिथपर्यंत पाइप ओढायचा की झालं. फार तर अर्ध्या तासाचं काम.

आमचा नेहमीचा प्लंबर आला. त्याने पाइप बोटांत धरून पाहिला, फ्रिजच्या मागे वाकून पाहिलं आणि उभा राहिला. "मॅडम, आपलं काम अर्धा इंचापासून सुरू होते. हे पाव इंची आहे. हे आरओवाल्याच्या लाइनीतलं." त्याने चहा घेतला, सिंकखालचा गळका अँगल कॉक मात्र बदलून दिला आणि गेला. त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. आपल्याकडच्या पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रांत जो पांढरा पाइप फिरवलेला असतो, तोच या फ्रिजला लागतो. बाहेरून पाव इंच, आणि जोड हाताने दाबून बसवायचा, पान्हा नको की आटे नकोत.

म्हणून आरओवाला पोरगा बोलावला. विशीतला, पाठीवर बॅग, कानात एक इअरफोन कायमचा. मी आधी त्यालाच विचारलं की आरओचं शुद्ध पाणीच थेट फ्रिजला का देऊ नये? तो हसला. आपल्या भिंतीवरच्या मशीनमध्ये पाणी थेंबाथेंबाने गाळून खालच्या प्लास्टिकच्या डब्यात साठतं, आणि तोटी उघडली की वजनाने खाली येतं. त्याला जोर असा नसतोच. "ताई, ते पाणी ग्लासात पडते, पण फ्रिजात चढणार नाही." मग टाकीचंच पाणी द्यायचं ठरलं. आमच्याकडे गच्चीवर दोन टाक्या आहेत. एक कॉर्पोरेशनच्या पाण्याची, दुसरी बोअरची. बोअरचं पाणी कूलर, धुणं आणि झाडांसाठी. पोराने खिशातून पेनासारखं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, काढून दोन्ही पाण्यांत बुडवलं. नळाच्या पाण्याचा आकडा दोनशेच्या आत, बोअरचा आठशेच्या वर. "बोअरचं लावलं असतं तर दोन महिन्यांत तुमचा एसव्ही जाम," तो म्हणाला. एसव्ही म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, फ्रिजच्या पाठीमागची विजेवर उघडणारी झडप. हा शब्द पुढच्या महिन्याभरात मी इतक्या वेळा उच्चारला की आता स्वप्नातही येतो.

त्याने सिंकखालच्या अँगल कॉकवर टी बसवली, एक छोटी तोटी दिली आणि भिंतीवर पारदर्शक हाउसिंगमध्ये गाळ अडवणारा स्पन फिल्टर टांगला. तिथून पाइप ओट्याखालून, दाराच्या चौकटीला धरून, चिमटे ठोकत फ्रिजपर्यंत नेला. वीसेक फूट. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पाइप फ्रिजला जोडण्याआधी बादलीत पाणी सोडून पाहिलं. आलं. बारीक, पण आलं. बर्फाचं बटण दाबलं, दिवा लागला. घरात टाळ्या वाजल्या, म्हणजे लेकीने वाजवल्या.

पुस्तिकेत लिहिलं होतं की पहिला बर्फ पडायला २४ तास लागू शकतात. आम्ही ३६ तास थांबलो. डबा ओढला तर आत शिंपल्यासारखे पातळ तुकडे. नखाएवढे काही, काही नुसतेच पापुद्रे. तिसऱ्या दिवशी त्याहून विचित्र प्रकार झाला. वर पापुद्रे आणि डब्याच्या तळाशी एकसंध पांढरी लादी, पार डब्याला चिकटलेली. कान लावला तर फ्रिजच्या पोटात कुठेतरी टप्... टप्... असा आवाज. म्हणजे ट्रे धड भरतही नव्हता आणि पाणी धड बंदही होत नव्हतं.

आरओवाला म्हणाला, एसव्ही गेला. मी फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने पाठ उघडून झडपेवर मीटर लावला. कॉइल ठीक, झडप ठीक. तरीही "बदलून टाका, अडीच हजार" असं तो म्हणाला, तेव्हा माझे सासरे आतल्या खोलीतून बाहेर आले.

बाबांची नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली, त्यातली बरीच वर्षं पंपांच्या बाजूला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण घरात कुठेही पाणी वाहत असलं की त्यांचे कान उभे राहतात. त्या माणसाला त्यांनी फार गोड बोलून वाटेला लावलं. मग मला म्हणाले, "ते पुस्तक आण. पाण्याचं प्रेशर किती पायजे ते पाहू."

होतं, तेराव्या पानावर. २० ते १२० पीएसआय, म्हणजे चौरस इंचावर इतके पौंड. मी ते पान आधीही वाचलं होतं. पण पीएसआय हा आकडा माझ्या दृष्टीने गाडीच्या चाकांपुरताच होता, त्यामुळे नजर पुढे सरकली होती.

"सुतळी आण," बाबा म्हणाले.

सत्तरी ओलांडलेला माणूस भर अकराच्या उन्हात डोक्याला पंचा बांधून गच्चीवर गेला. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून सुतळी खाली सोडली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उभी राहून तिचं टोक फ्रिजच्या झडपेच्या उंचीला धरलं आणि त्यांनी वर गाठ मारली. सुतळी ओसरीवर पसरून टेपने मोजली. १४ फूट. आमचं त्रिमूर्तीनगरचं घर बैठं आहे, वर मजला नाही. गच्ची, तीन फुटांचा विटांचा ओटा, त्यावर टाकी. संपलं.

बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. दहा मीटर उंच पाणी म्हणजे एक किलो प्रेशर. (पंपवाल्यांच्या बोलीत प्रेशर किलोत मोजतात, चौरस सेंटीमीटरवर एक किलो.) एक किलो म्हणजे सव्वाचौदा पीएसआय. फ्रिज मागतो किमान २० पीएसआय, म्हणजे १.४ किलो, म्हणजे १४ मीटर, म्हणजे ४६ फूट. आमच्याकडे १४ फूट. त्याचे होतात सहा पीएसआय.

"त्याले १४ मीटर पायजे, आपल्यापाशी १४ फूट," ते पेन्सिल ठेवत म्हणाले. "अवं बाई, हे पाणी पडून राह्यलं, ढकलून नाही राह्यलं."

आता पापुद्रे आणि लादी दोन्ही उलगडले. आमच्या फ्रिजमधली झडप पाणी मोजून देत नाही, ठराविक सेकंद उघडते आणि मिटते. तेवढ्या वेळात जोराचं पाणी ट्रे भरतं, आमचं अर्धाही भरत नव्हतं. मग पापुद्रेच पडणार. आणि बंद न होण्याचं कारण तर मला फारच आवडलं. झडपेच्या आत रबराचा पातळ पडदा असतो. वीज आली की त्यातलं बारीक भोक उघडतं, पडद्यावरचा दाब सुटतो आणि पाणी पुढे जातं. वीज गेली की मागून येणाऱ्या पाण्याचाच दाब पडद्याला परत जागेवर दाबून बसवतो. म्हणजे उघडते वीज आणि मिटवतं पाणी. पाण्यातच जीव नसेल तर झडप अर्धवट मिटते आणि थेंब गळत राहतात. अडीच हजारांची नवी झडप बसवली असती तर तीही तशीच गळली असती.

ताईंकडे पुण्यात हा फ्रिज वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला, कारण त्यांचा फ्लॅट अकरा मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. नऊ मजल्यांचं पाणी डोक्यावर. मी त्यांना फोन करून हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या नळाला तर भांडं धरलं की पाणी अंगावर उडायचं." आमच्या नळाखाली भांडं धरलं की पाणी अदबीने आत उतरतं.

शेजारच्या काकांनी लगेच तोड काढली. "कायले एवढा खटाटोप करता? सकाळी पाणी आलं का डायरेक्ट लाइनीवर टुल्लू लावा." कॉर्पोरेशनच्या लाइनीवर पंप लावून पाणी ओढायला बंदी आहे, आणि ती हवीच. एकाने टुल्लू लावला की पुढच्या तीन घरांचे नळ कोरडे पडतात, हे आमच्या गल्लीने जुन्या काळी भरपूर भोगलंय. पेंचच्या धरणातलं पाणी इतक्या लांबून आमच्या दारात येतं ते काय माझ्या पन्ह्यातल्या खड्यांसाठी शेजाऱ्यांच्या तोंडचं काढायला? बाबांनी काकांना एवढंच विचारलं, "आणि तुमच्याकडं पाणी नाही आलं तं?" काका हसून घरात गेले.

दुसरी वाट होती पूर्ण घराला प्रेशर पंप. बाथरूमचे शॉवरही मग जोरात. नवऱ्याचा जीव त्यात अडकला होता. पण घर बांधलं १९९१ साली, पाइप तेव्हाचे जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, भिंतींच्या आत. इतकी वर्षं सहा पीएसआयवर सुखाने म्हातारे झालेले जोड एकदम तीसवर नेले तर कोणती भिंत कुठे ओली होईल सांगता येत नाही. ही वाट बाबांनी दोन वाक्यांत मोडून काढली.

उरला आरओचा बूस्टर पंप. आरओ मशीनच्या आत गुरगुरणारा मुठीपेक्षा थोडा मोठा पंप तो हाच, २४ व्होल्टवर चालणारा. पाणी थोडं देतो पण जोरात देतो. आम्हाला जोरच हवा होता, पाणी दिवसाला दीड-दोन लिटर पुरे. मात्र नुसता पंप लावून भागत नाही. फ्रिजची झडप चार-दोन तासांनी काही सेकंद उघडते, पंपाने तिची वाट पाहत चोवीस तास चालायचं का? म्हणून पंपाच्या पुढे हाय प्रेशर स्विच लावतात, ४० पीएसआयच्या आसपास गेलं की पंप बंद. आणि त्याच्याही पुढे एक प्रेशर टाकी. लोखंडी गोल टाकी, आत रबरी फुगा. फुग्यात पाणी शिरतं तशी बाहेरची हवा दबत जाते. झडप उघडली की ती दबलेली हवा पाणी पुढे ढकलते. पंप झोपलेला असला तरी.

खरेदीला मी आणि बाबा बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलो. शनिवार संध्याकाळ, पाय ठेवायला जागा नाही, त्यात बाबा प्रत्येक दुकानात पंपाच्या अंगावरचं लेबल चष्मा काढून वाचणार. एका दुकानदाराने ४८ व्होल्टचा पंप २४ च्या अडॅप्टरबरोबर बांधून द्यायला काढला होता. बाबांनी दोन्ही लेबलं शेजारी-शेजारी ठेवून त्याच्यासमोर सरकवली, तोंडाने एक शब्द बोलले नाहीत. पंप, अडॅप्टर, १२ लिटरची म्हणून विकतात ती टाकी, हाय आणि लो असे दोन प्रेशर स्विच, पाणी उलटं फिरू नये म्हणून एनआरव्ही, एक कार्बन फिल्टर आणि मूठभर कनेक्टर. सगळं मिळून साडेसहा हजारांच्या आत. येताना रसवंतीत थांबलो. "बर्फ टाकू का?" पोराने विचारलं. बाबा म्हणाले, "टाक बाबा, सध्या तुझ्याचकडं आहे."

रविवारी आरओवाला पोरगा पुन्हा आला. आता त्यालाही चेव चढला होता, इअरफोन खिशात गेला होता. आधी त्याने रिकाम्या टाकीची हवा तपासली. टाकीच्या बुडाशी निळ्या टोपीखाली सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. रिकामी असताना तिथे साधारण सात पीएसआय हवा लागते. आमच्या नव्याकोऱ्या टाकीत होती तीन. लेकीच्या सायकलचा घड्याळवाला हातपंप आणून बाबांनी स्वतः हवा भरली, सातावर काटा आला तसे थांबले.

मग जोडणी. गच्चीवरच्या टाकीचं पाणी, स्पन फिल्टर, कार्बन फिल्टर, पंप, एनआरव्ही, स्विच, प्रेशर टाकी, एक तोटी आणि फ्रिज. पंप चालू केला. गुर्र... टक. गुर्र... टक. सेकंदाला एकदा चालू, सेकंदाला एकदा बंद. पोराने डोकं खाजवलं. हा लो प्रेशर स्विचचा खेळ होता. मागून पाणीच येत नसेल तर पंप कोरडा फिरू नये म्हणून तो असतो. पंप थांबलेला असताना आमचे सहा पीएसआय त्याला कसेबसे पटायचे. पंपाने पाणी ओढलं की दाब घसरायचा, स्विचला वाटायचं नळाचं पाणी गेलं, तो पंप बंद करायचा. बंद केला की दाब परत यायचा. हे असंच दिवसभर चाललं असतं. शेवटी तो स्विच काढून टाकला. गच्चीवरची टाकी रिकामी असेल त्या दिवशी पंपाचं बटण हाताने बंद करायचं, एवढी जबाबदारी बाबांनी अंगावर घेतली. तशीही टाकीची पातळी त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळते.

पंपाचा आवाज चढत चढत गेला आणि सातेक मिनिटांनी टक होऊन थांबला. शांतता. पोरगा समाधानाने पैसे घेऊन गेला. रात्री नऊ वाजता पंप आपोआप सुरू झाला. दहा मिनिटांनी पुन्हा. कोणी थेंबभर पाणी वापरलं नव्हतं.

म्हणजे कुठेतरी गळतंय. पण दिसेना. सासूबाईंनी सुचवलं ते कोणालाच सुचलं नव्हतं. त्यांनी देवघरातले टिश्यू पेपर आणले आणि प्रत्येक जोडाला एकेक गुंडाळला. पाच मिनिटांत फ्रिजमागच्या कोपऱ्यातल्या एल्बोवरचा, म्हणजे काटकोनी जोडावरचा, कागद काळपट ओला झाला. पाइप ओढून काढला आणि टोकावर टॉर्च धरला. कात्रीने कापलेला, तिरका, एक कड चेपलेली. सहा पीएसआयवर तो कोरडा होता, चाळीसवर रडायला लागला. या जोडांत आत रबराची बारीक कडी असते, पाइपचं गोल अंग तिला सगळीकडून टेकलं तरच पाणी अडतं. मी दाढीच्या पात्याने टोक सरळ काटकोनात कापलं, नखाने कड गुळगुळीत केली, टोकापासून दीड सेंटीमीटरवर पेनाने खूण केली आणि पाइप खोचला. थोडा आत गेला, अडला. मला वाटलं बसला. खूण अजून बाहेर दिसत होती. जोर लावला तेव्हा आत कुठेतरी 'गप्' झालं आणि खूण दिसेनाशी झाली. मग ओढून पाहिला, हलेना. वरून निळी पट्टी अडकवली. त्या रात्री पंप पुन्हा वाजला नाही. पन्नास वर्षांच्या संसारात सासूबाईंनी दुरुस्त केलेली ही पहिली मशीन, असं बाबा म्हणाले. त्यावर त्यांनी मिक्सरचं नाव घेतलं आणि बाबा गप्प झाले.

फ्रिजच्या तोटीतून आधी दहा लिटर पाणी सोडून दिलं. नव्या कार्बन फिल्टरमधून सुरुवातीला काळसर पाणी येतं, ते तुळशीलाही घालवेना. पहिल्या दिवसाचा बर्फ फेकायचा असतो. नागपुरात मे महिन्यात बर्फ फेकणार कोण? तो कूलरच्या टाकीत गेला. पण खडे कसे होते म्हणाल, तर भरीव, बोटाच्या दोन पेरांएवढे, मध्ये पांढरट गाभा. पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि त्यातली हवा मध्ये कोंडते, म्हणून तो पांढरा दिसतो, असं बाबांनी नातीला समजावलं. ती तोवर तिसरा खडा चघळत होती.

इथे संपलं असतं. पण २५ मेला नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. दुपारी दोन वाजता हात धुवायला नळ सोडला आणि हात झटकन मागे घेतला. तेव्हा मला फिल्टरच्या अंगावरची बारीक अक्षरं आठवली. पाणी ३८ अंशांपर्यंतच चालेल असं त्यावर होतं. टीडीएसच्या पेनात तापमानही दिसतं. आरओवाला आपलं पेन आमच्याकडेच विसरून गेला होता. नळाखाली धरलं, ४४. छपाई करणाऱ्याने नागपूरच्या गच्चीवरची टाकी मनात धरलेली नसावी. बाबांनी टाकीवर हिरवी जाळी ताणली, अंगाला ओलं गोणपाट गुंडाळलं. आकडा ४१ वर आला. पुरेसं नाही.

मग त्यांनी टायमरचा प्लग आणला. पंप पहाटे ३ ते ६, बाकी वेळ बंद. त्या वेळी टाकीचं पाणी सगळ्यात थंड असतं. प्रेशर टाकी स्वयंपाकघरात सावलीला, दिवसभर तीच पुरवणार. पुरेल का? कॅलेंडरचं आणखी एक पान उलटं झालं. ४० पीएसआयला टाकीत सात लिटरच्या वर पाणी, २० ला उतरेपर्यंत साडेचार. मधल्या अडीच लिटरवर आपला हक्क, त्याच्या खाली पुन्हा पापुद्रे. बर्फाला दिवसाचे दोन लिटर. म्हणजे पुरतं, पण फ्रिजच्या दारातून कोणी गार पाणी प्यायलं नाही तर. बाबांनी त्या तोटीच्या खटक्यावर चिकटपट्टी लावली. पाणी प्यायचं ते माठातलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त माठाचं झाकण जरा मोठ्याने ठेवलं.

आणि मग बाबांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली. मे महिन्याच्या पानामागे, कोराडीच्या शिफ्टची वही असावी तशा. वेळ, किती खडे, खोलीचं तापमान. झोप तशीही कमी. रात्री डब्यात खडखड झालं की लिहायचे. ९.४०, दहा खडे. ११.५५, दहा. दुपारी फ्रिजची दारं सारखी उघडतात म्हणून दोन खडखडींत साडेतीन तासही जायचे, तिथे कंसात 'दार' असं लिहिलेलं. एका नोंदीपुढे नातीचं नाव होतं आणि त्याखाली दोन रेघा.

३० मेच्या सकाळी ते माझ्याकडे कॅलेंडर घेऊन आले. चेहरा उतरलेला. "काल रात्री सव्वादोनपासून एकही नाही पडलं. पंप तं चालला. एसव्ही गेला का काय?"

मी डबा ओढला. खडे काठोकाठ होते, वरची अटकाव करणारी दांडी त्यांच्यावर टेकून अडकली होती. डबा भरला की ती बर्फ पाडणं थांबवते, पुस्तिकेत चौदाव्या पानावर आहे. आमच्याकडे तिथवर कधी वेळच आली नव्हती.

बाबांनी डब्यात हात घालून पाहिलं, खात्री करून घेतली. मग पेन्सिल काढून त्या दिवसाच्या चौकटीमागे लिहिलं, "२.१५. साठा पूर्ण. यंत्र स्वतःहून बंद." आणि खाली सही केली.